सिस्टरांची रिट्रीट (गोवा)

कॅथलिक सिस्टर वर्षातून एकदा शाळा, हॉस्पिटल, वृद्धाश्रम जे काय काम असेल ते बाजूला ठेवून मौनात जाते आणि सगळा वेळ प्रार्थनेत घालवते, त्याला रिट्रीट म्हणतात. साधारण आठ दिवसांची असते. गोव्यात कोकणीत रेतीर म्हणणारे खूप आहेत, पण सिस्टरांच्या तोंडी रिट्रीटच. ही हौसेची गोष्ट नाही, चर्चच्या १९८३ च्या कायद्यात (कॅनन लॉ, कलम ६६३) स्पष्टच आहे की धर्मसंघातल्यांनी दरवर्षीची रिट्रीट नेमाने पाळायची. शिवाय बऱ्याच कॉन्व्हेंटमध्ये महिन्यातून एक दिवस रिकलेक्शन, म्हणजे एका दिवसाची छोटी रिट्रीट, असतं ते वेगळं.

आपल्यासारख्या बाहेरच्यांना, म्हणजे कॉन्व्हेंट शाळेत शिकलो पण आतल्या दाराच्या पलीकडे कधी गेलो नाही अशांना वाटतं की तिथे बसल्यावर त्यांना काहीतरी दर्शनबिर्शन होत असेल. तसं क्वचितच असतं आणि झालंच तर चर्चच आधी शंका घेतं. जे उमगतं ते बहुतेक वेळा अगदी साधं असतं, आणि तिथवर पोचायला कंटाळा, झोप आणि कॉन्व्हेंटमधल्या कुरबुरींच्या आठवणी हे सगळं पार करावं लागतं.

पद्धत कुठून आली

आज जी पद्धत सगळ्यात जास्त चालते ती इग्नेशियस लोयोलाची, म्हणजे जेझुइट संघ काढणाऱ्या स्पॅनिश संताची, जो आधी सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, बरा होताना अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की काही विचार नंतरही मनाला समाधान देतात आणि काही तेवढ्यापुरते गोड लागतात, मग कोरडं करून जातात. पुढे १५२२-२३ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहून त्याने स्वतःच्या प्रार्थनेची टिपणं केली, त्यातून 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' तयार झाल्या, पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये त्यांना मान्यता दिली. पूर्ण साधना ३० दिवसांची, चार टप्प्यांत: आधी आपलं पाप आणि देवाची दया, मग येशूचं जीवन, मग त्याचं दुःखसहन, शेवटी पुनरुत्थान. आठ दिवसांची रिट्रीट ही याचीच आटोपशीर आवृत्ती. फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आपला गोंयचो सायब, पॅरिसमध्ये खुद्द इग्नेशियसच्या हाताखाली ही साधना करून मग ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला, त्यामुळे गोव्याशी या पद्धतीचं नातं अगदी पहिल्या पिढीपासूनचं.

मधली कित्येक वर्षं मात्र रिट्रीट म्हणजे एक फादर प्रवचनं देणार आणि समोर चाळीस-पन्नास सिस्टर वही घेऊन ऐकणार असंच स्वरूप होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची चर्चमध्ये सुधारणा करणारी सभा) १९६५ मध्ये धर्मसंघांना सांगितलं की मूळ प्रेरणेकडे परत जा, त्यानंतर एकेकीला वेगळं मार्गदर्शन देणारी जुनी रीत पुन्हा वर आली. प्रवचनवाली अजून चालते, काहींना तीच बरी वाटते. पण आता मार्गदर्शन करणाऱ्यांत सिस्टरही असतात, आणि माझ्या मते गेल्या पन्नास-साठ वर्षांतला सगळ्यात मोठा बदल तोच.

दिवस कसा जातो

सकाळची प्रार्थना, मिसा (चर्चमधली रोजची मुख्य उपासना), मग दिवसभरात तासातासाच्या चार प्रार्थनेच्या बैठका, संध्याकाळी आडोरेशन, म्हणजे पवित्र भाकरीपुढे शांत बसून आराधना. मोबाईल बंद. जेवताना बोलणं नाही, मीठ हवं असेल तर खुणेने, काही ठिकाणी कुणीतरी एखादं पुस्तक मोठ्याने वाचतं नाहीतर हळू आवाजात संगीत लावतात. दिवसातून एकदा मार्गदर्शकाशी अर्धा-पाऊण तास बोलणं, बस्स. तिथे मार्गदर्शक सल्ले द्यायला बसलेला नसतो, इग्नेशियसने बजावूनच ठेवलंय की त्याने तराजूच्या काट्यासारखं मधेच राहायचं, इकडे किंवा तिकडे ढकलायचं नाही. आणि मदर सुपीरियरला, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरला, तर सिस्टरच्या मनातलं काढून घ्यायचा हक्कच नाही, कलम ६३० तशी मनाई करतं. सिस्टरने आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

एका बैठकीत नेमकं काय करतात ते बघू. समजा बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला बार्तिमय दिला, यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा भिकारी, ज्याला येशू विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं. आधी ती जागा डोळ्यांपुढे आणायची, धूळ, गर्दी, गप्प बस म्हणून दटावणारे लोक, आपण त्यात कुठे उभे आहोत ते बघायचं, मग शेवटी येशूशी मित्रासारखं बोलायचं. आता ही सिस्टर शाळेत हेडमिस्ट्रेस, तिच्या डोक्यात सारखी स्टाफरूम येतेय, आपण एका नव्या टीचरला सगळ्यांसमोर गप्प केलं तो प्रसंग, ती तो हाकलते आणि तो परत येतो. तास संपल्यावर पंधरा मिनिटं वहीत लिहायचं असतं की कुठे मन हललं, कुठे कोरडं पडलं. तिथे तिला दिसतं की ती पूर्ण तास भिकाऱ्याच्या बाजूने नव्हतीच, दटावणाऱ्यांत उभी होती. मार्गदर्शक म्हणेल, पुढच्या बैठकीला नवीन उतारा नको, हाच परत घ्या. या परत घेण्याला रेपेटिशन म्हणतात आणि सगळी मेख तिथेच आहे, कारण इग्नेशियसच्या मते पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, थोडंसंच आतून चाखल्याने होतो.

उमगलेलं खरं कसं ओळखायचं

यासाठी दोन शब्द सारखे कानावर येतात, कन्सोलेशन आणि डेसोलेशन. श्रद्धा, आशा, प्रेम वाढतं आणि मन देवाकडे ओढ घेतं ते पहिलं, अंधार, अस्वस्थपणा, आळस, देव लांब गेल्यासारखं वाटणं हे दुसरं. नियम असा की डेसोलेशनमध्ये असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. कॉन्व्हेंट सोडावं असं एखादीला पाचव्या दिवशी वाटलं तर त्या दिवशी काही ठरवायचं नाही, थांबायचं. उलट फार छान वाटतंय म्हणून घाईत नवस बोलायचा तोही नाही.

आणि कोरडेपणा म्हणजे प्रार्थना फसली असंही नाही. मदर तेरेसांचं उदाहरण सगळ्यांना अर्धंच माहीत असतं. १० सप्टेंबर १९४६ ला त्या दार्जिलिंगच्या ट्रेनमध्ये होत्या, वार्षिक रिट्रीटलाच निघाल्या होत्या, आणि तेव्हा त्यांना गरिबांमध्ये जाऊन राहायची हाक आली. हा भाग सगळे सांगतात. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता हे २००७ मध्ये त्यांची पत्रं छापली गेली तेव्हा जगाला कळलं, तरी त्या प्रार्थनेला बसत राहिल्या. आविलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत, जिला दर्शनं झाली असं मानतात, तीसुद्धा प्रार्थनेची परीक्षा दर्शनावरून नाही तर माणूस दुसऱ्यावर किती प्रेम करतो यावरून करायची.

गोव्यातल्या जागा

जुन्या गोव्यात मोंते सांतवरचा सांता मोनिका मठ हा सिस्टरांच्या प्रार्थनेचा इथला सगळ्यात जुना पत्ता. आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये सुरू केला, १६२७ ला बांधकाम पुरं झालं, १६३६ मध्ये आग लागून परत बांधला. आत गेलेली बाई बाहेर येत नसे. इथल्या क्रूसावरच्या येशूने १६३६ मध्येच डोळे उघडले, रक्त आलं अशी श्रद्धा आहे, तो क्रूस बघायला लोक अजून जातात. पोर्तुगालने १८३० च्या दशकात धर्मसंघ बंद केले, नव्या मुली घ्यायला बंदी आली, शेवटची नन १८८५ मध्ये वारली. १९६४ पासून तिथे मातेर देई इन्स्टिट्यूट आहे, सिस्टर तिथे ईश्वरशास्त्र शिकतात, बाजूलाच ख्रिश्चन आर्टचं म्युझियम.

प्रत्यक्ष रिट्रीटसाठी मात्र सिस्टर बाग्याच्या टेकडीवरचं रिट्रीट हाऊस, रायचं पेद्रो आरुपे इन्स्टिट्यूट, पिलार, जुन्या गोव्यातलं सेंट जोसेफ वाझ सेंटर अशा ठिकाणी जातात. शाळेत शिकवणाऱ्यांना मे महिनाच सोयीचा. काही जणी गोव्याबाहेर लोणावळ्याला साधना इन्स्टिट्यूटमध्ये जात आल्यात, जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेलं. श्वासावर आणि शरीराच्या जाणिवेवर लक्ष ठेवून प्रार्थना शिकवायची त्यांची रीत सिस्टरांना आवडली, पण १९९८ मध्ये रोमने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीचं पत्रक काढलं, तेव्हापासून वाद थोडा चालूच.

सांगणं-बोलणं बहुतेक इंग्लिश नाहीतर कोकणीत. सावंतवाडी, कुडाळकडच्या सिस्टर वही मराठीत लिहितात आणि मार्गदर्शकाला इंग्लिशमध्ये सांगतात, त्यात काय काय गळत असेल कोण जाणे. खरं तर गोव्यातल्या राशोलचे जेझुइट फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये येशूची अख्खी कथा मराठी ओवीत आणली, म्हणजे बैठकीला लागणारं साहित्य चारशे वर्षांपासून तयारच आहे.

ज्यांना आठ दिवस सुटताच येत नाही, उदाहरणार्थ वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर, त्यांच्यासाठी इग्नेशियसनेच पर्याय देऊन ठेवलाय, रोजच्या कामात राहून दिवसाला दीड तास प्रार्थना आणि अधूनमधून मार्गदर्शकाची भेट, असं करत पूर्ण साधना काही महिन्यांत संपवायची.