कोल्हापुरी चपलेचं नवं डिझाइन

हाताने शिवलेल्या कोल्हापुरीची मूळ बांधणी तशीच ठेवून ती ऑफिस, बस, गुळगुळीत फरशी असल्या रोजच्या वापराला चालेल अशी करायची, याला साधारण कोल्हापुरीचं नवं डिझाइन म्हणतात. ऐकायला सोपं आहे पण घोडं पेंड खातं ते तळाशी.

मूळ चप्पल सगळी चामड्याची. म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, शिलाईलाही चामड्याचीच वादी, खिळा कुठेच नाही. तळाच्या दोन्ही बाजूंना पातळ चामड्याचे कान बाहेर आलेले असतात, पट्टा त्यांना शिवलेला, पुढे अंगठा, आणि हौस असेल तर वेणी नि गोंडा. कापशी, कुरुंदवाडी हे त्यातले जुने प्रकार. नवीन जोड चावतो, मग तेल लावून चार दिवस घरातल्या घरात फिरायचं, हे कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकानदारच सांगतो.

आता डिझायनर मंडळी बहुतेक वेळा वरच्या बाजूला हात घालतात, म्हणजे गुलाबी पट्टा, आरसे, भरतकाम वगैरे, फोटो छान येतात. पण घालणाऱ्याची तक्रार वेगळीच असते, तळ कडक, ओल्या फरशीवर सटकतो आणि पावसात भिजला की फुगतो. त्यावर खाली रबर लावणं आणि टाचेखाली मऊ थर देणं हे दोन उपाय जास्त चालतात, फक्त रबर नुसतं चिकटवलं तर चालताना वाकून वाकून सुटायला लागतं, शिवलं तर टिकतं पण कारागिराचा वेळ वाढतो आणि किंमतही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत 'टो होल्ड' नावाने कारागीर बायकांना सोबत घेऊन नवीन डिझाइनवर काम झालं, वेणी घालणं आणि शिलाई तशीही बऱ्याच घरांत बायकाच करतात.

२०१९ मध्ये या चपलेला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक भागातल्या वस्तूलाच ते नाव वापरायचा हक्क) मिळाला तो महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ अशा ८ जिल्ह्यांना मिळून, त्यामुळे नाव कोल्हापूरचं असलं तरी हक्क एकट्या कोल्हापूरचा नाही (हे आमच्याकडे पटकन कुणी मान्य करत नाही). जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अशाच सँडल दाखवल्या, कोल्हापुरीचं नाव न घेता, मग इकडे आरडाओरडा झाला तेव्हा प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे कंपनीने मान्य केलं. तिथेही डिझाइन म्हणून जे मिरवलं ते वरचंच, अंगठा आणि पट्टा.