मोटरसायकलच्या हँडलची निवड

मोटरसायकलचं हँडल निवडताना मुख्यतः रुंदी, उंची, टोकं रायडरकडे किती मागे येतात आणि पाइपची जाडी ही मापं बघतात. ग्रिपजवळ बहुतेक गाड्यांचा पाइप २२ मिमीचा असतो, हार्लेसारख्या क्रूझरचा २५.४, आणि फॅटबार मधे, जिथे तो गाडीला आवळतात त्या क्लॅम्पपाशी, २८.६ मिमी जाड असून टोकांकडे निमुळता होत परत २२ वर येतो. क्लिप-ऑन हा वेगळा प्रकार, त्यात अखंड पाइप नसतोच, दोन सुटे तुकडे फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, नळ्यांना आवळलेले असतात.

फरक समजून घ्यायला रॉयल एनफिल्डच्या २०१८ मधे आलेल्या दोन गाड्या बेस्ट. इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०, इंजिन तेच ६४८ सीसीचं, चासी तीच, पण इंटरसेप्टरला मधे आडवी दांडी असलेलं उंच रुंद हँडल आणि जीटीला क्लिप-ऑन, पाय ठेवायचे फूटपेग पण जरा मागे. जीटीवर धड पुढे झुकतं, पुढच्या टायरवर वजन येतं आणि वळणात तो टायर काय करतोय ते हाताच्या तळव्यांना कळतं. शिवाय हायवेवर समोरचा वारा छातीला रेटतो त्यामुळे मनगटावरचा भार कमी होतो. तीच गाडी सिग्नल-सिग्नल करत चालवली की सगळं वजन तळव्यांवर, मग बोटांना मुंग्या.

म्हणून जेवढं उंच तेवढं आरामाचं असं लोक धरून चालतात, ते अर्धंच खरं आहे. फार उंच हँडल लावलं की वजन सगळं कंबरेवर आणि माकडहाडावर येतं, खड्ड्याचा दणका सरळ मणक्यात, आणि १०० च्या पुढे वाऱ्यात स्वतःला धरून ठेवायला हात ओढून ओढून खांदे भरून येतात. कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ आणि हात सोडले तरी धड पोट-पाठीच्या जोरावर टिकतंय, एवढं जमलं की उंची बरोबर आहे असं समजायचं.

वळणाचं गणित रुंदीत आहे. थोडा वेग आला की गाडी उजवीकडे झुकवायला उजवा ग्रिप पुढे ढकलावा लागतो, याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात, चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे पडते (नवशिक्यांना हे पटत नाही, पण नकळत करत सगळेच असतात). रुंद हँडल म्हणजे लांब तरफ, कमी जोरात काम होतं, त्यामुळे आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटात एकामागून एक उलटसुलट वळणं घेताना हात दमत नाहीत. पण त्याच तरफेने आडव्या वाऱ्यात किंवा घाबरून दिलेला नको तो झटकाही सहज चाकापर्यंत पोचतो, आणि ट्रॅफिकमधे आरसे अडकतात ते वेगळंच. अरुंद हँडलला जोर जास्त लागतो, हात मात्र कमी हलवावा लागतो.

बदलायचंच असेल तर आधी आहे तेच हँडल क्लॅम्पमधे थोडं फिरवून बघावं, किंवा राइजर, म्हणजे हँडलखाली बसणारे ठोकळे, टाकून उंच करावं, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. नवीन बसवल्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासतात, कारण क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबल किंवा ब्रेकचा होज आखूड पडला तर वळवताना ताणला जातो, ॲक्सिलरेटरची केबल ताणली तर रेस आपोआप वाढते, आणि क्लिप-ऑन असेल तर अंगठा हँडल आणि टाकीच्या मधे चिरडू शकतो.