‘माझे लेखी देव मेला’ : तुकोबा नास्तिक झाले होते का?

‘माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल.’ तुकोबांची ही ओळ एकटीच काढून ‘बघा, शेवटी तुकाराम नास्तिक झाले’ असं सांगणारे मेसेज अधूनमधून येतात. ओळ खरी आहे, तुकोबांचीच आहे. अर्थ तेवढा चुकवलाय.

पुढचीच ओळ वाचा: ‘गोष्टी न करी नांव नेघें, गेलों दोघें खंडोनी.’ त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नावही घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. आता सांगा, जो नाहीच त्याच्याशी अबोला कोण धरतं? ‘दोघें’ या शब्दातच सगळं आलं. हे घरातलं भांडण आहे, जवळच्या माणसाशी होतं तसलं. जनाबाई तर अंगणात उभी राहून ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशा शिव्या देते, ‘तुझें गेलें मढें’ म्हणते. तिला कोणी नास्तिक ठरवत नाही.

पण म्हणून हा नुसता लाडिक रुसवा, असं म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. कीर्तनात बऱ्याचदा तसंच उरकतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाबद्दल हाच माणूस लिहितो: ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ म्हणजे त्याची स्वतःची एक बायको. ‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग’ म्हणणारा, जगाइतकाच स्वतःच्या मनाशी झगडणाराही तोच. त्याचा संशय खरा होता, तळमळही खरी होती. फक्त तक्रार नेली ती विठ्ठलाकडेच.