आजीजवळ की नर्सरीत? पुण्यातल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आगेमागे पुण्यातल्या खासगी शाळांचे नर्सरीचे फॉर्म निघतात आणि दोन-अडीच वर्षांचं मूल असलेल्या घरात वाद सुरू होतो. यंदा घालायचं, की आणखी वर्षभर आजी-आजोबांजवळ राहू द्यायचं? वाद घरातला वाटतो. पण तो आजच्या रूपात उभा राहिला त्यामागे शहराची वाढ, नोकरीच्या वेळा आणि शासनाने पुन्हा पुन्हा हलवलेली एक तारीख आहे.

गिजुभाई बधेकांचं भावनगर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी, कोसबाड ही बालशिक्षणाची वाट मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. इथे तिच्यातली एकच गोष्ट लक्षात घ्यायची. मुलं वर्गात येत नाहीत असं दिसल्यावर तिथे वर्गच वस्तीतल्या अंगणात गेला, म्हणजे घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत भरू लागला. पुण्याच्या पेठांतली बालवाडीही दोन-तीन तासांची, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि पोचवायला बहुधा आजीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाडी सरकारी झाली, पण मध्यमवर्गाने ती आपल्यासाठी आहे असं कधी मानलं नाही. ज्या वस्तीत आई धुण्याभांड्याला जाते आणि आजीही चार घरची पोळ्यांची कामं धरते, तिथे मात्र अंगणवाडीतला आहार आणि ते काही तास हाच आधार आहे. ‘आजी की शाळा’ या चर्चेत ही घरं फारशी येतच नाहीत.

आता शहर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले आणि कितीतरी कुटुंबं गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींतल्या लहान घरांत गेली. तीन पिढ्या एका चौकात नांदणं तिथे अवघड होतं. त्याआधीच, १९५४ मध्ये, पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला होता. मागून वाहनांचे कारखाने आले आणि बाहेरगावचे तरुण एकेकटे पुण्यात येऊन स्थिरावले. हिंजवडीतल्या आयटी पार्कने हाच प्रवाह कैक पटींनी वाढवला. लातूर, सोलापूर, जळगाव सोडून आलेल्या जोडप्याने वाकडला किंवा खराडीला टू बीएचके घेतला, तेव्हा आजी-आजोबा त्या घरात नव्हतेच. त्यांना आणावं लागलं.

हा बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. पूर्वी आजी घरात असायची आणि मूल तिच्या अवतीभवती वाढायचं. आता तिने गावचं घर, शेजारपाजार, भजनी मंडळ सोडून नवव्या मजल्यावर यायचं असतं. अनेक घरांत पाळ्या लागतात: काही महिने सासूबाई, काही महिने आई. दुसरं अपत्य अमेरिकेत असेल तर पर्यटक व्हिसावर सहा महिने तिकडचं नातवंड. तिचे गुडघे, तिची झोप, आजोबांचं एकटं मागे राहणं याची चर्चा फॉर्म भरताना होत नाही. तिच्या श्रमाला दर नसल्यामुळे ते फुकटच धरले जातात, आणि तिचं मत शेवटी विचारलं जातं.

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. लहान कार्यालयं त्यातून सुटली. रजा संपते तेव्हा मूल सहा महिन्यांचं असतं, नर्सरीचं वय जवळजवळ दोन वर्षं लांब. ही दोन वर्षं आजी तरी सांभाळते किंवा पाळणाघर. पुढे नर्सरी लागली तरी ती तीन तासांची. तीन तासांच्या नर्सरीने नऊ तासांची नोकरी आणि हिंजवडीचा ट्रॅफिक भागत नाही. म्हणजे निवड खरं तर ‘आजी’ आणि ‘नर्सरी अधिक कुणीतरी’ यांच्यातली असते, आणि ते कुणीतरी पुष्कळदा आजीच असते.

वादाचा खरा गाभा मात्र वयाच्या अटीत आहे. शासकीय भाषेत तिला मानीव दिनांक म्हणतात: त्या तारखेला मुलाचं किती वय पूर्ण असायला हवं, हे ठरवणारा दिवस. जानेवारी २०१५ च्या शासन निर्णयात नर्सरीसाठी ३१ जुलैला तीन वर्षं पूर्ण ही अट आली. पहिलीसाठी सहा वर्षं, तीही टप्प्याटप्प्याने २०१८-१९ पर्यंत लागू करायची. मधल्या काळात तारीख ३० सप्टेंबरवर गेली. सप्टेंबर २०२० मध्ये ती ३१ डिसेंबर झाली.

याचा अर्थ एका मुलावर लावून पाहावा. २० डिसेंबर २०२१ चा जन्म. ३१ डिसेंबरच्या हिशेबाने हे मूल जून २०२४ मध्येच नर्सरीला पात्र, वय दोन वर्षं पाच महिने. ३१ जुलैच्या हिशेबाने ते जून २०२५ मध्ये बसलं असतं, तीन वर्षं पाच महिन्यांचं. बारा महिन्यांचा फरक. अडीच वर्षांच्या आतल्या मुलाला शी-शू सांगता येणं, डबा उघडता येणं, आईचं नाव नीट उच्चारता येणं या सगळ्यात बारा महिने म्हणजे जवळजवळ अर्धं आयुष्य.

तारीख पुढे नेण्याची मागणी पालकांचीच होती. ऑगस्टनंतर जन्मलेल्यांचं ‘वर्ष वाया जातं’, ही त्यांची तक्रार. शिवाय शाळांच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळा ३१ मार्चला वय मोजतात, त्यामुळे बदली झाली की घोळ. ही अडचण खरी आहे. पण ३१ डिसेंबरने दिली ती परवानगी होती, सक्ती नव्हती. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तिचा अर्थ ‘बसतंय ना, मग घालायलाच हवं’ असा झाला. एक वर्ष थांबणाऱ्या घराला मागासलेलं ठरवण्यापर्यंत काहींची मजल गेली, आणि यात आजीचा हात धरणाऱ्यांवर अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबण्याची मुभा सगळ्यांना सारखी नाही, हेही सांगायला हवं. नावाजलेल्या शाळेत बहुतेक जागा नर्सरीलाच भरतात, ज्युनिअर केजीला उरतात त्या थोड्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा प्रवेशही शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच होतो. ज्याच्याकडे दुसऱ्या शाळेची फी भरण्याची ऐपत आहे, तोच निर्धास्तपणे थांबू शकतो. याच कायद्याने मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली. नर्सरीच्या मुलाखती बंद करा असं केंद्राच्या समितीने तर १९९३ मध्येच सुचवलं होतं. तरी ‘इंटरॅक्शन’ नावाची भेट अजून ऐकू येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीआधीची तीन वर्षं शिक्षणाच्या चौकटीत आणली. ‘आता तिसऱ्या वर्षी शाळा सक्तीची’ असं तेव्हापासून सर्रास बोललं जातं. सक्तीच्या कायद्यातलं वय आजही सहा ते चौदा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने दोन वेगळे आराखडे काढले, एक जन्म ते तीन वर्षांसाठी, दुसरा तीन ते सहासाठी; पहिल्यातले खेळ, गाणी, गप्पा सांभाळणाऱ्या माणसांसोबत घरात आणि पाळणाघरात करायच्या आहेत. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, त्यातही मूल कुठल्या प्रकारच्या सोयीत राहिलं यापेक्षा घरातलं वागणं-बोलणं त्याच्या वाढीशी अधिक जोडलेलं दिसलं. त्याच अभ्यासात दर्जेदार सोयीतल्या मुलांची भाषा थोडी सरस आढळली, हे आजीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही वाचावं.

कोविडमध्ये मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं बालवर्ग बंद राहिले. नर्सरी न पाहताच मुलं सिनिअर केजीत, काही थेट पहिलीत गेली. दोन्ही बाजू आज याच मुलांचे दाखले देतात: ती बुजरी झाली असं एक म्हणतो, काही बिघडलं नाही असं दुसरा. आजी-आजोबा जवळ असलेली आणि वन रूम किचनमध्ये मोबाइलवर दिवस काढलेली मुलं यांना एकाच मापात मोजल्यामुळे त्या दाखल्यांतून हाती काही लागत नाही.

त्यात भर पडली ती राज्य शासनाच्या फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाची. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा तो निर्णय. मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण आई-बाबांची कंपनीची बस त्याआधी सुटते, आणि स्कूल बसवाल्यांनी वेळापत्रकं कोलमडतील म्हणून विरोध केला. ज्या घरांनी नर्सरीचा पर्याय निवडला, त्यांतल्या कित्येकांनी त्या जूनमध्ये आजी-आजोबांना पुन्हा गावाहून बोलावलं, मुलाला गेटपर्यंत सोडण्यासाठी आणि बाराला आणण्यासाठी.