ओडीबीसी : ऑफिस सॉफ्टवेअरची दूरच्या डेटाबेसशी जोडणी

ओडीबीसी (ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी) म्हणजे एक्सेल, लिबरऑफिस यांसारख्या ऑफिस सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या संगणकावरचा डेटाबेस थेट वाचता यावा, यासाठी वापरली जाणारी पद्धत. मायक्रोसॉफ्टने ओडीबीसीची पहिली आवृत्ती १९९२ साली आणली. विंडोजमध्ये ती अंगभूत असते. लिनक्सवर तेच काम युनिक्सओडीबीसी करते, मॅकवर बहुधा आयओडीबीसी. वडोदऱ्यातल्या एखाद्या मराठी मंडळाचा सर्व्हर लिनक्सवर, हिशेबनिसांचा संगणक विंडोजचा आणि चिटणिसांचा लॅपटॉप मॅक असेल, तर सभासदांच्या यादीच्या तीन प्रती ईमेलवर फिरत राहतात आणि कोणती ताजी ते कुणालाच सांगता येत नाही. तिघांनी एकच तक्ता उघडावा, हा या जोडणीचा हेतू.

वरून खाली पाहिले तर आधी प्रोग्राम, मग योग्य ड्रायव्हर निवडून देणारा ड्रायव्हर मॅनेजर, त्याखाली त्या-त्या डेटाबेसचा ड्रायव्हर (प्रोग्रामची मागणी त्या डेटाबेसला कळेल अशी करणारा दुवा) आणि शेवटी नेटवर्कपलीकडचा सर्व्हर. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हरवरच्या त्या सेवेचा क्रमांक), डेटाबेसचे नाव आणि वापरकर्ता ही माहिती एका नावाखाली साठवतात. त्या नोंदीला डीएसएन (डेटा सोर्स नेम) म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टम बदलली की सर्वाधिक अडचणी मधल्या दोन थरांत येतात.

विंडोजवर पहिला अडसर बिटचा. ऑफिस ३२ बिटचे असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो, मग विंडोज ६४ बिटची का असेना. डीएसएन बनवायचे साधन दोन प्रतींत असते आणि दोन्ही फाइलींचे नाव एकच : ओडीबीसीएडी३२. त्यातली सिस्टम३२ फोल्डरमधली प्रत ६४ बिटची आणि सिसवॉव६४ मधली ३२ बिटची आहे. नावे पाहून नेमकी चुकीची प्रत उघडली जाते. चूक झाल्यास आयएम०१४ हा संकेतांक येतो. डीएसएनचे नावच सापडले नाही तर आयएम००२.

लिनक्सवर ड्रायव्हरांची यादी एका आयएनआय फाइलीत (सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइलीत) असते आणि डीएसएन दुसऱ्या. या फाइली नेमक्या कुठे आहेत ते ‘ओडीबीसीइन्स्ट’ ही आज्ञा ‘-जे’ (-j) या पर्यायासह चालवली की कळते. चाचणी ‘आयएसक्यूएल’ने करावी. आयएसक्यूएल जोडते पण लिबरऑफिस बेस (लिबरऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्राम) जोडत नाही, असे झाले तर लिबरऑफिस फ्लॅटपॅक या पॅकेज-पद्धतीतून बसवलेले आहे का ते पाहावे. ती आवृत्ती बंदिस्त कप्प्यात चालते, सिस्टमवरचे ड्रायव्हर तिला दिसत नाहीत. आपल्या लिनक्स वितरणाच्या (डिस्ट्रोच्या) भांडारातली आवृत्ती बसवणे हा सरळ उपाय. मॅकवरच्या एक्सेललाही असाच कप्पा आहे, म्हणून ड्रायव्हर लायब्ररी फोल्डरातल्या ओडीबीसी फोल्डरमध्येच ठेवावा लागतो.

सर्व्हरकडची बाजू तपासताना क्रम पाळावा. पोर्टपर्यंत पोहोचता येते का हे आधी पाहावे : मारियाडीबी व मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरांचा एरवी ३३०६, पोस्टग्रेस या सर्व्हरचा ५४३२. विंडोजवर पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ यासाठी पुरते. मायएसक्यूएल कुटुंबात त्रुटी क्रमांकच बरेच सांगून जातो. २००३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच संगणकाकडून, ऐकतो आहे किंवा फायरवॉल आड येते आहे. ११३० म्हणजे पोहोचलो, पण या संगणकाला परवानगी नाही. १०४५ आला तर वापरकर्ता, पासवर्ड किंवा तो वापरकर्ता कुठून येऊ शकतो ही अट चुकली आहे. पोस्टग्रेसमध्ये हीच परवानगी पीजी-एचबीए या फाइलीत ओळ घालून द्यावी लागते.

कचेरीबाहेरून जोडायचे असेल तर ३३०६ पोर्ट इंटरनेटवर उघडू नये. एसएसएच बोगदा (दोन संगणकांमधली कूटबद्ध वाट) करावा : आपल्या संगणकावरचा ३३०७ पोर्ट सर्व्हरच्या १२७.०.०.१:३३०६ ला जोडायचा आणि डीएसएनमध्ये पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ३३०७ लिहायचा. इथे पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहू नये. लिनक्स व मॅकवर मायएसक्यूएलचा ड्रायव्हर त्याचा अर्थ स्थानिक सॉकेट (त्याच संगणकातली, नेटवर्कविना जोडणी) असा घेतो, पोर्टकडे बघतही नाही, आणि बोगदा चालू असून जोडणी होत नाही.

वडोदऱ्यात लिपीचा प्रश्न दुहेरी असतो, कारण एकाच तक्त्यात नाव मराठीत आणि पत्ता गुजरातीत असू शकतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे तक्ता यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधले पूर्ण यूटीएफ-८) मध्ये ठेवला की दोन्ही नीट नांदतात. ड्रायव्हर मात्र ‘युनिकोड’ नावाचाच निवडावा. ‘अॅन्सी’ ड्रायव्हर निवडला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू लागतात. नुसते पाहिले तर मूळ मजकूर शाबूत राहतो. ती ओळ बेसमधून पुन्हा साठवली की प्रश्नचिन्हेच डेटाबेसमध्ये जातात आणि मूळ नाव बॅकअपशिवाय परत मिळत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर कोणत्याही ड्रायव्हरने वाचनीय होत नाही, तो आधी रूपांतरित करावा लागतो.

याहून चकवणारी गोष्ट ‘कऱ्हाडे’सारख्या आडनावांत असते. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पोस्टग्रेस मात्र एरवी समानता बाइटनिहाय तपासतो, म्हणून शोधात निम्मे कऱ्हाडे गळतात. कोणतीही एक पद्धत ठरवून जुन्या नोंदी एकदाच बदलून घ्याव्यात.

एक्सेलमध्ये ओडीबीसीने आलेली माहिती एकेरी असते. शीटमध्ये केलेला बदल सर्व्हरवर जात नाही आणि सर्व्हरवरचा बदल ‘रिफ्रेश’ केल्यावर दिसतो. लिबरऑफिस बेसमधून दुरुस्ती करता येते, पण तक्त्याला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना) नसेल तर तो केवळ वाचनापुरता उघडतो. मायएसक्यूएल कुटुंबात तक्त्यांची इंग्रजी नावे लहान अक्षरांतच ठेवावीत : विंडोजवरचा सर्व्हर नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, लिनक्सवरचा करतो, आणि सर्व्हर हलवला की जुन्या क्वेरी तक्ता सापडत नाही म्हणून थांबतात.

यादी फक्त पाहणाऱ्यांसाठी केवळ ‘सिलेक्ट’चा (वाचण्याचा) हक्क असलेला वेगळा वापरकर्ता करावा. लिनक्सवर डीएसएनच्या फाइलीत लिहिलेला पासवर्ड साध्या मजकुरात राहतो, म्हणून ती फाइल घरच्या फोल्डरात ठेवून तिची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करावी.