डोमकळी वहीत का उतरत नाही?

पाचवीतल्या एका मुलाला विचारलं, "पऱ्हाटीत (कापसाच्या शेतात) काय पाह्यलं रे?" यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, ऑक्टोबर महिना. तो भडाभडा बोलला, "सर, काही फुलं उमलतच नाही. पाकळ्या गुंडाळून राह्यते, अन् आत अळी असते." हीच डोमकळी, गुलाबी बोंडअळीची सुरुवातीची खूण. मग त्याला अहवाल लिहायला सांगितला. वहीत आलं, 'कापूस हे उपयुक्त पीक आहे.' खाली पान कोरं.

याला सर्रास आळस म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. अडचण डोक्यातल्या जागेची आहे.

विचार करताना माहिती जिथं काही सेकंद धरून ठेवतो, ती कार्यकारी स्मृती. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अशा तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी मावणाऱ्या गोष्टींचा आकडा सातच्या आसपास सांगितला. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारपर्यंत खाली आणला. मुलांची जागा त्याहून कमी. आता लिहिताना काय काय धरायचं? अक्षराचं वळण, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, आधी काय लिहिलं, पुढं काय लिहायचं. त्यात मनातली वऱ्हाडी पुस्तकी मराठीत बदलायची. मोठ्यांचा हात आपोआप चालतो, मुलाचा हात लक्ष मागतो. 'बोंड'वरचा अनुस्वार आठवेपर्यंत आतली अळी निसटलेली असते. मग पाठ केलेलं वाक्य पुढं येतं, कारण त्याला जागाच लागत नाही.

ही जागा स्मरणशक्तीच्या चूर्णानं वाढत नाही, की डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या 'मिडब्रेन' क्लासनंही नाही. आईबापांनी त्यात पैसे घालू नयेत.

लेखनाचे अभ्यासक हेज आणि फ्लॉवर यांनी १९८१ मध्ये लेखनाच्या तीन क्रिया मांडल्या: आखणी, शब्दांत मांडणी, फेरतपासणी. सराईत लेखकाच्या डोक्यात त्या सतत एकमेकींत शिरतात. मुलांसाठी त्या सुट्या करून द्याव्या लागतात.

आम्ही शेतात जाऊन वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडली आणि फोडून पाहिली. दिसलेल्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी, दोन-तीन शब्दांची, वऱ्हाडीतच. मग ओट्यावर चिठ्ठ्या मांडल्या: कुठं, कधी, काय केलं, काय दिसलं, त्याचा अर्थ काय. दोनदा त्यांची जागा बदलली. त्यानंतर एकेक चिठ्ठी समोर धरून एकेक वाक्य. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

त्याच मुलाचा नवा अहवाल असा संपतो: '२० बोंडं फोडली. ३ बोंडांत अळी होती. म्हणजे १५ टक्के. १० टक्के झाले की फवारणीचा विचार करावा लागतो. मी बाबांना सांगितलं.'