बायपासला उभा आहे, म्हणजे नक्की कुठे?

"बायपासला उभा हाय बे, ये लवकर." असा मित्राचा फोन आला की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या बायपासला? कुणाच्या डोक्यात केगावहून हत्तूरला जाणारा रस्ता असतो, कुणाच्या हैदराबाद रस्त्याकडचा, तर कुणाला आपल्या कॉलनीमागून गेलेला कुठलाही रुंद रस्ता बायपासच वाटतो. त्यात बाह्यवळण, वळण रस्ता, रिंगरोड, वर्तुळाकार मार्ग हे चारही शब्द एकाच बातमीत आले की वाचणाऱ्याचं डोकंच वर्तुळाकार फिरायला लागतं.

मला हा घोळ सोडवावा लागला तो मामांमुळे. त्यांची थोडी जिरायत जमीन शहराच्या कडेला आहे. गावात कुणी म्हणे ती बायपासला जाणार, कुणी म्हणे रिंगरोडला. मामा कागदांची पिशवी घेऊन घरी आले आणि म्हणाले, "अरं, ह्ये बायपासचं हाय का रिंगरोडचं, एवढंच बघून सांग. बाकीचं माझं मी बघतो." मला वाटलं, त्यात काय एवढं, नावाचाच तर फरक. तसं नव्हतं.

आधी रस्त्याचं बघू, मग जमिनीचं.

बायपास, म्हणजेच बाह्यवळण किंवा वळण रस्ता, असतो सोलापूरशी काहीच काम नसलेल्या माणसासाठी. हैदराबादहून माल भरून पुण्याला निघालेल्या ड्रायव्हरला ना सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचं असतं, ना चादर घ्यायची असते. त्याच्या दृष्टीने सोलापूर म्हणजे सिग्नल, गतिरोधक आणि शाळा सुटायची वेळ. त्याच्यासाठी मूळ महामार्ग गावाच्या अलीकडे सोडायचा, लांबून वळसा घालायचा आणि पलीकडे पुन्हा त्याच महामार्गाला लागायचं. बायपासला दोन टोकं असतात आणि मधे कमीत कमी लोकांनी चढावं-उतरावं अशी त्याची रचना असते.

रिंगरोड, म्हणजेच वर्तुळाकार मार्ग, असतो सोलापुरातच काम असलेल्या, पण मधल्या वस्तीत काम नसलेल्या माणसासाठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून टेम्पो पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीकडे निघाला, तर त्याने शहराच्या पोटातून कशाला जावं? कुंभारीच्या रे नगरात राहणाऱ्या कामगाराला शहराच्या दुसऱ्या कडेला कामावर जायचं असेल, तर त्याचंही तेच. रिंगरोडला टोक नसतं. शहरातून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता त्याला कुठे ना कुठे छेदतो आणि तिथे चढता-उतरता येणं हाच त्याचा मुद्दा. हैदराबादचा आउटर रिंगरोड १५८ किलोमीटरचा आहे. त्यावरून कुणी हैदराबादला फेरी मारत नाही. जो तो दोन-चार फाटे पुढे जाऊन उतरतो.

म्हणजे एक रस्ता जितका कमी ठिकाणी जोडलेला तितका चांगला, आणि दुसरा जितका जास्त ठिकाणी जोडलेला तितका. दोन्ही गावाबाहेरून जातात, दोन्ही चौपदरी असू शकतात, दोन्हींच्या कडेला पहिल्याच वर्षी चहाची टपरी पडते. म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

आता सोलापूरचं त्रांगडं. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. त्याआधी पुण्याहून हैदराबादमार्गे मछलीपट्टणला जाणारा ९ क्रमांक सोलापूरवरून जायचा. पण धुळ्याकडून येणारा २११ सोलापुरात संपायचा आणि मंगळुरूकडे जाणारा १३ सोलापुरात सुरू व्हायचा. नव्या रचनेत ९ चा ६५ झाला. २११ आणि १३ चे सोलापूरला लागून असलेले तुकडे मात्र एकाच ५२ क्रमांकात आले, आणि तो पंजाबातल्या संगरूरहून निघून कर्नाटकात अंकोल्यापर्यंत जातो. कागदावर जे सोलापूर दोन महामार्गांचं शेवटचं स्थानक होतं, ते मधलं गाव झालं. उत्तरेहून दक्षिणेला जाणारा ट्रक तर आधीही शहरातूनच जायचा. फक्त तेव्हा तो इथे "पोचायचा" आणि आता तो इथून "जातो". याशिवाय रत्नागिरी-कोल्हापूर-सांगलीकडून मंगळवेढ्यावरून येणारा १६६ आणि अक्कलकोटवरून कलबुर्गीला जाणारा १५०-ई.

मोठे रस्ते धरले तर सहा: पुणे, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, विजयपूर, मंगळवेढा. बार्शी आणि होटगी रस्ता धरलाच नाही, बार्शीकरांनी रागवू नये. आता शाळेतलं गणित करा. सहा रस्त्यांपैकी एकावरून आत यायचं आणि दुसऱ्यावरून बाहेर पडायचं, अशा जोड्या किती? १५. साधा बायपास यातली एक जोडी सोडवतो. पूर्ण रिंगरोड १५ च्या १५ सोडवतो.

मधल्या अवस्थेचं गणित जास्त मजेशीर आहे. केगाव-हत्तूर रस्ता पुणे रस्त्यावरून निघतो, मंगळवेढा रस्ता ओलांडतो आणि विजयपूर रस्त्याला मिळतो. सहापैकी तीन रस्ते जोडले, म्हणजे अर्धं काम झालं असं वाटतं. जोड्या मोजल्या तर सुटतात फक्त तीन: पुणे-मंगळवेढा, पुणे-विजयपूर आणि मंगळवेढा-विजयपूर. १५ पैकी ३, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. हाच कंस पुढे वाढून चौथ्या रस्त्याला मिळाला तर ६ जोड्या, पाचव्याला मिळाला तर १०, सहाव्याला मिळाला की १५. शेवटचा तुकडा पाच जोड्या सोडवतो आणि पहिला एकच. "एवढा मोठा रस्ता केला तरी गावात ट्रक येतातच कसे?" या नाक्यानाक्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. मंगळवेढ्याकडून अक्कलकोटला निघालेल्या ट्रकसाठी अजून काही झालेलंच नसतं. तुळजापूरकडून विजयपूरला निघालेल्याला केगावचा कंस गाठायला आधी पुणे रस्त्याकडे वळावं लागतं. त्याला सरळ पुढे जायचा मोह झाला तर नवल नाही.

अर्थात सगळ्या जोड्यांवर वाहतूक सारखी नसते. पुणे-हैदराबादचा भार आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याचा भार यांची तुलनाच नको. म्हणून आधी बायपास करणं चूक नाही. त्याला रिंगरोड म्हणून पाटी लावणं चूक आहे, कारण मग लोक १५ जोड्यांची अपेक्षा धरून बसतात. माझ्या मते केगाव-हत्तूर काटेकोरपणे दोन्हींतलं काहीच नाही. तो एका महामार्गावर सुरू होतो आणि दुसऱ्यावर संपतो, म्हणून नेमका बायपास नाही. वर्तुळ पुरं करत नाही, म्हणून रिंगरोडही नाही. तो वर्तुळाचा तुकडा आहे. बोलताना बायपास म्हणा, माझी हरकत नाही.

बायपास आणि रिंगरोडशिवाय तिसरा शब्द, वळणमार्ग, चटकन बाजूला करतो. कोजागरीला सोलापूरकर रात्रभर तुळजापूरला चालत जातात, तेव्हा त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून सोडली जातात. तो वळणमार्ग, म्हणजे पर्यायी मार्ग. चार दिवसांचा पाहुणा. त्यासाठी कुणाची जमीन जात नाही.

जमिनीवरून आता मामांच्या पिशवीकडे.

राष्ट्रीय महामार्गाच्या बायपाससाठी जमीन सहसा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली घेतात. गावात लोक "थ्री-ए झालं, थ्री-डी झालं" असं बोलतात ते याच कायद्याचे टप्पे. ३-ए ची अधिसूचना म्हणजे सरकारचा इरादा. ती राजपत्रात येते, तिचा मजकूर दोन वर्तमानपत्रांत छापतात, आणि हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. एका वर्षात ३-डी ची घोषणा झाली नाही तर ३-ए आपोआप बाद. ३-डी झाली की मात्र जमीन केंद्र सरकारची. सातबाऱ्यावर नाव अजून तुमचं दिसत असलं तरी. मग ३-जी खाली मोबदल्याचा निवाडा. १ जानेवारी २०१५ पासून हा मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने काढतात. रक्कम मान्य नसेल तर आधी लवादाकडे जायचं. थोडक्यात, हा कायदा भराभर चालतो. हरकतीचे २१ दिवस उसाच्या तोडणीत कधी निघून गेले ते कळतही नाही.

महापालिकेच्या विकास आराखड्यातला रिंगरोड हा वेगळ्याच चालीचा प्राणी. तो येतो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. आराखड्यात तुमच्या गटावर रस्त्याची रेघ पडते, त्याला लोक "आरक्षण पडलं" म्हणतात. जमीन तुमचीच राहते, पीकही घेता येतं, पण बांधकामाची परवानगी मिळत नाही आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. मोबदला रोख मिळू शकतो, किंवा त्याऐवजी एफएसआय, म्हणजे उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा, किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. टीडीआरला भाव तिथेच, जिथे बिल्डर रांगेत उभे असतात. पुण्यात ऐकलेले आकडे इथे धरून चालू नका. आराखडा अंतिम होऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतलीच नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतरच्या २४ महिन्यांतही संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण सुटतं. पण नोटीस आपण द्यायची असते. दहा वर्षं उलटली म्हणून काही आपोआप सुटत नाही, आणि मामांच्या गावात निम्म्या लोकांची हीच समजूत होती.

म्हणजे पहिल्यात कायद्याची घाई नडते आणि दुसऱ्यात आपलं वाट पाहणं. मामांच्या कागदांत अखेर राजपत्राची प्रत निघाली. तिच्यावर कुणीतरी पेनाने मोठ्या अक्षरात "रिंगरोड" लिहून ठेवलं होतं. खाली कायदा मात्र १९५६ चा. हेच महत्त्वाचं: महामार्गवाल्यांनीही शहराभोवतीचा रस्ता हातात घेतला तर तोंडी नाव रिंगरोड असू शकतं, पण चाल बायपासचीच. पाटीवरचं, बातमीतलं, पुढाऱ्याच्या भाषणातलं नाव सोडा. अधिसूचनेच्या पहिल्या ओळीत कोणता कायदा आहे ते बघा.

आणि एकाचं दुसरं होतं, ते कसं? सोलापूरच्या नाक्यांची नावं बघा. जुना पुणे नाका, जुना बोरामणी नाका. जकातीच्या काळात शहराची वेस तिथे होती. १९९२ ला हद्दवाढ झाली, पुढे जकात गेली, वस्ती नाके ओलांडून कुठच्या कुठे गेली आणि नावामागे "जुना" लागला. बायपासचंही असंच होतं. छत्रपती संभाजीनगरचा बीड बायपास आज शहरातला रस्ता आहे, फक्त नाव बायपास. पुण्याचा कात्रज-देहूरोड बायपास वस्तीने दोन्ही बाजूंनी गिळला, आणि लांबचे ट्रक व ऑफिसला निघालेल्या स्कूटर एकाच उतारावर आल्यावर नवले पुलापाशी कसे अपघात होतात ते आपण बातम्यांत वाचतो.

हे होऊ नये म्हणून कायदा आहे. महामार्गाला नवा फाटा जोडायचा, पंपाला किंवा हॉटेलला रस्ता काढायचा, तर २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पण बायपासच्या पलीकडे शेत आणि अलीकडे घर असलेल्या माणसाला पूल किंवा भुयारी मार्ग दोन किलोमीटर लांब दिला, तर तो पहारीने दुभाजक फोडणार. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उलट्या बाजूने येताना दिसतो तो हौस म्हणून येत नाही. सेवा रस्ता आणि खालून जायची वाट वेळेत आणि जवळ दिली असती, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी दुभाजकाला हात लावला नसता.

परवा त्याच मित्राचा पुन्हा फोन. "बायपासला हाय." म्हटलं, नीट सांग, कोणत्या आणि कुठे? "अबे, दुभाजक फोडलाय बघ, भज्याच्या गाडीसमोर. रिक्षा स्टॉपच झालाय आता तिथं."